परबांच्या उंबऱ्यावर शेवग्याचा पाला

घाटकोपरच्या डोंगरावर, जिथं रिक्षावाले वर यायला सरळ नाही म्हणतात, तिथं पाण्याच्या टाकीमागे शेवग्याचं एक झाड आहे. झाड कुणाचं म्हणून विचाराल तर अख्खी वस्ती एकच नाव सांगेल, सुलक्षणाचं. जागा सरकारी, टाकी महापालिकेची, पण पाल्याला हात लावायचा तो सुलक्षणाला विचारून. एकदा कुणीतरी बकरीसाठी फांदी मोडली, तर बाईनं दोन चाळींना ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला होता. बकरीचाही केला.

ही सुलक्षणा आरोग्य केंद्राची स्वयंसेविका. वय एक्कावन्न. नवरा जयवंत टेम्पो चालवायचा, त्याला जाऊन सात वर्षं झाली. मुलगी चेतना लग्न होऊन बोरिवलीला गेली. बाई एकटी, पण एकटी बसलेली कुणी पाहिली नाही. कोण गरोदर, कुणाचं पोर वजनात मागे, कुणाची लस राहिली, हे सगळं तिच्या जिभेवर. आणि एक वाईट खोड अशी, की बोलता बोलता समोरच्या बाईची खालची पापणी बोटानं ओढून बघायची. आत लाल दिसलं तर ठीक. पांढरं दिसलं की संपलंच.

"ह्या डोंगरावरच्या बायकांच्या अंगात रक्त नाही, चहा आहे नुसता चहा!" असं ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना सांगायची. खोटं नव्हतं ते. सकाळी चहा-चपाती, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी. पोरांना अंडं, नवऱ्याला मासळीचा तुकडा, आणि बाईला रस्सा.

रोज सकाळी साडेनवाला ती आकडी लावलेला बांबू घेऊन टाकीमागे जायची. फांद्या खाली ओढायच्या, पाला ओरबाडायचा, काड्या काढायच्या, वर्तमानपत्रात जुड्या बांधायच्या. वस्तीत गरोदर असतील तितक्या जुड्या. मग घरोघर वाटप, आणि प्रत्येक दारात तेच बोलणं. "लोखंडी कढईत कर. पाणी पिळून फेकू नकोस. वर लिंबू पीळ. आणि जेवणावर चहा प्यायलीस तर माझ्याशी गाठ आहे."

हे सगळं साडेअकराच्या आत. बारा वाजता, म्हणजे घराघरांत ताटं मांडायची वेळ झाली की, सुलक्षणा कुणाच्याही दारात दिसायची नाही. महत्त्वाचं बोलणं अर्ध्यावर असलं तरी "चल, जेवणवेळ झाली, निघते" म्हणून पायात चप्पल. लोकांना वाटायचं बाई वक्तशीर आहे. कारण वेगळंच होतं.

तिचे वडील, आबा, जालन्याकडचे. बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला आले आणि रस्त्याच्या कामावर लागले. आबांची आई गावात टोपली घेऊन दारोदार उभी राहायची. गावकीची कामं करायची, आणि त्याचा मोबदला म्हणून लोकांची जेवणं उरकली की उरलेली भाकर घ्यायची. आत लोक जेवतायत, बाहेर ही उभी. हात धुवून झाले की वरून टोपलीत टाकायचे, शिवायचे नाहीत. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि आजोबांनी ती टोपली अंगणात जाळली. आबा तेव्हा दहा वर्षांचे होते. जळणाऱ्या टोपलीचा वास मरेपर्यंत नाकातून गेला नाही असं ते सांगायचे. सुलक्षणाला त्यांनी फार काही शिकवलं नाही, पण एक गोष्ट मनावर कोरून ठेवली. "सुले, उपाशी राहा. पण जेवणवेळेला कुणाच्या उंबऱ्यावर उभी राहू नको. आणि जेवणाऱ्याच्या ताटात नजर टाकू नको." सुलक्षणानं मनाशी खूणगाठ बांधली. पन्नाशी उलटली तरी तो नियम तिनं एकदाही मोडला नव्हता.

आणि पाल्याचं वेड? तेही ऐका. चेतना पोटात असताना सुलक्षणा बावीस वर्षांची होती आणि रक्त साडेसहा. दोन पायऱ्या चढली की डोळ्यांपुढे काजवे. सासू खमकी होती. दवाखान्यातनं गोळ्या आणल्या आणि कुठनंसं शेवग्याचा पाला. परातीत ज्वारीची भाकर कुस्करायची, वर भाजीचा ढीग, त्यावर लिंबू. मग समोर मांडी घालून बसायची. "संपव, मग उठ." गोळी तोंडात टाकली की "आ कर" म्हणून जिभेखाली बघायची. चार महिने हे चाललं. चेतना झाली अडीच किलोची आणि सुलक्षणा स्वतःच्या पायांनी घरी आली. सासू गेल्यावर तिनं त्याच शेवग्याची फांदी आणून टाकीमागे रोवली. तेव्हापासून तिची पाल्यावर अशी काही श्रद्धा बसली की विचारू नका.

आता परबांकडे येऊ. त्याच चाळीत, सुलक्षणाच्या चार खोल्या पलीकडे, राजाराम परबांचं बिऱ्हाड. मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर राजारामनी वॉचमनकी केली, आता गुडघे धरून घरी. बायको राधा. मुलगा सुयोग पवईला एका ऑफिसात साफसफाईच्या माणसांवर सुपरवायझर. मुलगी दीप्ती कॉलेजात. आणि दीड वर्षापूर्वी आलेली सून, श्वेता. गुहागरकडची, तेवीस वर्षांची, हसली की लाजून पदरानं तोंड झाकणारी. पोरगी सगळ्यांना आवडायची. सुलक्षणाला तर फारच, कारण श्वेता तिला "मावशी" म्हणायची आणि ते तोंडदेखलं नसायचं.

एके दिवशी नळावर श्वेता काहीतरी चघळत उभी होती.

"काय गं, तोंडात काय?"

"काही नाही मावशी."

"उघड तोंड."

कच्चे तांदूळ! असले तांदूळ, खडू, माती खाणाऱ्या बायका सुलक्षणानं पुष्कळ पाहिल्या होत्या. अंगात लोह नसलं की जीव असल्या गोष्टी मागतो. तिनं तिथंच पापणी ओढली. आत पांढरंफटक. पाचवा महिना लागला होता. केंद्रात नेऊन तपासलं तर रक्त आठ पॉइंट दोन.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी श्वेता रडकुंडीला आली. गोळी घेतली की उलटी, काही म्हणता काही पोटात राहत नाही. बाईंनी गोळी बदलून दिली. "ही रात्री जेवून घे. पण घ्यायलाच हवी. बाळंतपणाच्या वेळी रक्त दहाच्या वर पाहिजे, नाहीतर जिवावर बेतेल. सुलक्षणाताई, तुमचा पाला चालू ठेवा, उत्तम आहे. पण पाला म्हणजे जेवण. एवढ्या खाली गेलेल्या बाईला ते औषध नव्हे."

सुलक्षणानं मान डोलावली. मनात म्हणाली, मला सांगतात! माझं साडेसहा होतं साडेसहा. बाहेर पडल्यावर श्वेताला म्हणाली, "झेपली तर घे गोळी. नाही झेपली तर नाही. पाला मात्र चुकवायचा नाही."

हे वाक्य तिला पुढे झोपू देणार नव्हतं.

पहिली जुडी घेऊन ती परबांच्या दारात गेली, तेव्हा राधानं कपाळाला आठ्या घातल्या. "पोटुशीक शेगूल उष्ण पडतला गो. आमच्याकडे नाय देत." मालवणीत शेवग्याच्या पाल्याला शेगूल म्हणतात. सुलक्षणानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिला अर्धा तास समजावलं, स्वतःची चेतना सांगितली, तीन चाळींतल्या बाळंतिणी सांगितल्या. शेवटी राधा विरघळली. सुनेवर तिचा जीव होताच. खोबरं आणायला लगेच दीप्तीला पिटाळलं.

मग रोजची जुडी सुरू झाली. सव्वाअकराला सुलक्षणा परबांच्या दारात. राधा म्हणायची, "आत ये गो, बस. जेवूनच जा." सुलक्षणा म्हणायची, "नको वहिनी, जेवणवेळ झाली." इतक्या वर्षांत राधानं असं किती वेळा म्हटलं असेल. ते मनापासून होतं की रीत म्हणून, हे सुलक्षणानं कधी तपासून पाहिलं नाही. चाळीत आली त्या वर्षी ह्याच घरात तिला पाणी वेगळ्या पेल्यात दिलं होतं. राधा ते विसरली असेल. सुलक्षणा नव्हती विसरली.

पंधरा दिवसांनी राधा खुशीत होती. "काय जादू केलंस गो? आमच्या ह्यांका तर शेगलाची भाजी म्हंजे जीव की प्राण. गावची आठवण येता म्हणतत. टोप कसो लख्ख होता बघ, एक पान म्हणून ऱ्हवणा नाय!"

सुलक्षणाची छाती फुगली. टोप लख्ख होतोय म्हणजे काम फत्ते. त्या दिवशी तिनं चेतनाला फोन करून सांगितलंसुद्धा, "परबांची सून आता सुटली बघ." चेतनानं विचारलं, "आई, गोळ्या घेते ना ती?" सुलक्षणा म्हणाली, "अगं, पाला खातेय ना."

महिन्यानं रक्त तपासलं. सात पॉइंट नऊ.

वाढायचं सोडून खाली! सुलक्षणाचा विश्वास बसेना. पट्टी खराब असेल म्हणून पुन्हा तपासायला लावलं. तेवढंच. ती तडक परबांकडे आली आणि दारातूनच बरसली. "चहा पितेस ना जेवणावर? खरं सांग!"

"नाही हो मावशी. शपथ."

"मग कढई? कुठली कढई?"

"लोखंडाचीच."

"लिंबू?"

"लिंबू असतं." श्वेता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओठांवर रंग नव्हता. तिनं एकदा मागे घरात बघितलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, ती भाजी ना..."

"भाजीचं काय? कंटाळा आला? औषध समजून खा गं पोरी!"

आत राजारामनी पाट सरकवला. ताटाचा आवाज झाला, पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा झाला. बारा वाजले होते. सुलक्षणाचे पाय आपोआप मागे सरले. "उद्या बोलू. आता जेवणवेळ झाली," असं म्हणून ती निघालीसुद्धा. श्वेता काय सांगणार होती ते तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एका जुडीच्या दोन केल्या, बस्स. वर राजगिऱ्याची एक जुडी बाजारातनं स्वतः आणून दिली, लाल माठ दिला. राधा म्हणाली, "एवढा कित्याक गो?" पण ठेवून घेतलं.

सातव्या महिन्यात रक्त सात पॉइंट तीन. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. त्यांनी मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहिली. दाखल व्हायचं, सलाईनमधून लोह घ्यायचं, लागलं तर रक्त चढवायचं. श्वेता सुईच्या नावानंच मागे सरकली. घरी आल्यावर राधानं चिठ्ठी सुलक्षणाच्या हातात दिली आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "जावकच व्हया काय गो? तू सांग. तू म्हणशीत तसा करू."

सगळं घर तिच्याकडे बघत होतं. सुयोग, राजाराम, दीप्ती. आणि श्वेता, डोळे मोठे करून. आता ह्या बाईनं काय बोलावं? पंचवीस वर्षं ज्या पाल्याचे गोडवे गायले, त्याला सगळ्यांसमोर खोटा कसा म्हणायचा?

"जायचंच आहे," सुलक्षणा म्हणाली. "पण पोरगी घाबरलीय. पंधरा दिवस द्या मला. पाला आणखी वाढवते. नाही चढलं तर मी स्वतः घेऊन जाते."

श्वेताचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांचाच पडला.

तेरावा दिवस शनिवार होता. सकाळी आठला दीप्ती ओरडत आली. श्वेताला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायला अजून दीड-दोन महिने बाकी असताना. खाली रक्त होतं. रिक्षा वर येईना. सुयोग आणि चाळीतल्या तिघांनी श्वेताला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोनशे पायऱ्या उतरवल्या. सुलक्षणा पुढे धावत होती, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून ओरडत. वळणावर खुर्ची टेकवली तेव्हा श्वेतानं तिचा हात धरला. हात गार पडला होता.

"मावशी, मी पाला खायचे हो," ती म्हणाली. "जेवढा यायचा तेवढा खायचे."

"माहितेय गं मला. बोलू नकोस," सुलक्षणा म्हणाली.

इस्पितळात धावपळ झाली. कुणी काही कमी केलं नाही. अकराच्या सुमारास मुलगी झाली, दीड किलोची, तिला काचपेटीत ठेवलं. पण श्वेताची गर्भपिशवी आवळेना आणि रक्त थांबेना. बाटल्या चढवल्या, सुयोगनं दिलं, चाळीतल्या पोरांनी दिलं. दुपारी सव्वादोनला डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, त्यांचेही डोळे लाल झाले होते. "धडधाकट बाई एवढ्या रक्तस्रावातून निघाली असती," ते म्हणाले. "हिच्या अंगात मुळातच काही नव्हतं. हिला आधी का नाही आणलं?"

सुयोग भिंतीशी खाली बसला. राधानं हंबरडा फोडला. सुलक्षणा उभी होती तिथंच उभी राहिली. पंधरा दिवस द्या मला, हे आपलेच शब्द तिला आपल्याच आवाजात ऐकू येत होते.

पुढचे बारा-तेरा दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. बांबू कोपऱ्यात उभा. जुड्या बंद. रोज इस्पितळात जायची, काचपेटीतल्या पोरीला बाहेरून बघायची आणि परत यायची. चेतना येऊन राहिली दोन दिवस. "आई, तू एकटी जबाबदार नाहीस," म्हणाली. सुलक्षणा म्हणाली, "किती जबाबदार ते तरी कळू दे. दोन-दोन जुड्या रोज खाऊन रक्त खाली कसं जातं गं? ते सांग मला कुणीतरी."

ते सांगितलं दीप्तीनं. तेरावं झाल्यावर, नळावर. सतरा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. सुलक्षणानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी वहिनी भाजी खायची ना गं नीट?"

"खायची ना."

"किती?"

कळशी भरून वाहायला लागली तरी दीप्तीनं नळ बंद केला नाही. "वहिनी शेवटी बसायची ना मावशी. आईबरोबर. आधी पप्पा, मग दादा, त्याची दुपारची पाळी म्हणून, मग मी, कारण मला कॉलेजला जायचं असायचं. पप्पांना आवडते म्हणून वहिनीच दोनदा वाढायची त्यांना. शेगूल शिजून एवढासा तर होतो." तिनं मूठ करून दाखवली. "मग आई म्हणायची तू घे, वहिनी म्हणायची तुम्ही घ्या. वहिनी टोप पुसून घ्यायची भाकरीनं. तेवढंच असायचं."

टोप कसो लख्ख होता बघ! तो लख्ख टोप सुलक्षणानं दोन महिने मिरवला होता. जुडी वाढवली तेव्हा काय झालं असेल? राजारामना तिसऱ्यांदा वाढलं असेल. सुयोगच्या डब्यात गेली असेल. कुणी चोरून खाल्लं नाही, कुणी हिसकावून घेतलं नाही. चांगली माणसं, जिवाभावाची माणसं, रोज दुपारी गावच्या आठवणी काढत श्वेताच्या वाटचं रक्त खात होती, आणि श्वेता स्वतःच्या हातानं वाढत होती. "मावशी, ती भाजी ना..." एवढंच पोरगी बोलली होती. आणि ही शहाणी तिथून निघून आली, कारण ताटं मांडली होती. पाच मिनिटं थांबली असती, एकदा नजर आत टाकली असती, तर अर्ध्या घासात सगळं दिसलं असतं.

घरी येऊन ती ओट्यापाशी बसली आणि तिला सासू आठवली. परातीसमोर मांडी घालून बसलेली. संपव, मग उठ. आ कर. सुलक्षणा इतकी वर्षं लोकांना पाला सांगत आली होती. ती समोर बसलेली म्हातारी सांगायची राहिली होती, आणि त्या गोळ्यासुद्धा. मग ती रडली. श्वेता गेल्यापासून पहिल्यांदा, आणि स्वतःला शिव्या देत.

दुसऱ्या दिवशी तिनं बांबू उचलला. पण जुडी बांधून झाल्यावर नेहमीसारखी वाटायला निघाली नाही. आदल्या दिवशी नळावरच तिनं दीप्तीची पापणी ओढून बघितली होती, आणि केंद्रात नेऊन तपासलंही होतं. आठ पॉइंट सहा. सतराव्या वर्षी! जुडी आणि गोळ्यांची पाकिटं सकाळीच दीप्तीच्या हाती राधाकडे गेली होती. सुलक्षणा घरात घड्याळाकडे बघत बसली. बारा वाजले. बारा-दहा झाले. मग ती उठली, चार खोल्या ओलांडून गेली आणि परबांच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

आत पंगत बसली होती. राजाराम, सुयोग, आणि दुखवट्याला आलेली राजारामची बहीण नलिनी. राधा वाढत होती. दीप्ती भिंतीशी पाण्याचा जग घेऊन उभी. शेगलाच्या भाजीचा, खोबऱ्याचा वास दारापर्यंत येत होता. पन्नास वर्षांत सुलक्षणा अशी उभी राहिली नव्हती. आबा समोर असते तर त्यांनी काय केलं असतं ह्याचा विचारही तिला नको वाटला.

नलिनी तिला ओळखत नव्हती. तिनं दाराकडे बघून नाक मुरडलं. "ह्या टायमाक कोण गो दारात? ताटां मांडली काय लगेच हजर! भाकर मागूक इली काय?"

राधाचा हात टोपावरच राहिला. सुयोगनं मान खाली घातली.

सुलक्षणाच्या कानशिलात आग झाली. आजीची टोपली तिनं कधी पाहिली नव्हती, पण त्या घटकेला ती तिच्या हातात होती. एक मन म्हणालं, फीर मागे, ह्यांच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस. ती फिरली नाही.

"हो," ती म्हणाली. "मागायलाच आलेय. पण माझ्यासाठी नाही. राधावहिनी, ती भाजी आधी दीप्तीला वाढ."

"सुलक्षणा, अगो तू आत तरी ये. बस. तुका पण वाढतंय."

"मला नको. मी खायला नाही आले, बघायला आलेय. रोज येणार. ह्या घरात, आणि जिथं जिथं माझा पाला जातो त्या सगळ्या घरांत. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे."

राजारामचा घास हातातच होता. त्यांनी आपल्या ताटातल्या भाजीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं की आत्ता कळलं, कोण जाणे. त्यांनी घास खाली ठेवला, ताट उचललं आणि दीप्तीपुढे सरकवलं. "बस बाय," ते म्हणाले. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घातलं.

दीप्ती बसली. राधानं टोप तिच्याजवळ आणून ठेवला, अख्खा, आणि वर लिंबू पिळलं. मग तिथंच भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबला. दीप्ती खायला लागली. रडत होती, आणि घास घेत होती. एकदा तिनं वर बघितलं.

"बस झालं मावशी?"

"टोपात आहे अजून," सुलक्षणा म्हणाली. "संपव, मग उठ."

आणि शेवटचा घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत ती उंबऱ्यावर उभी राहिली.